न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक

लोखंडी विळीवर लिंबू किंवा कच्चे केळे चिरून पाते तसेच राहू दिले, तर घटकाभरात ते काळे पडते, हे कोणाही गृहिणीला सांगावयास नको. चकचकीत, न गंजणाऱ्या सुरीला ही खोड नाही. पण चार दिवस गेले की तीच गृहिणी कुरकुरू लागते, की मेली ही दिसते तेवढी कापत नाही! ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे. ती प्रथम झाली इंग्लंडातल्या शेफील्ड गावी, आणि ज्याच्या नावाने झाली तो हॅरी ब्रिअर्ली.

शेफील्ड म्हणजे सुऱ्यांचे गाव. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या काव्यातसुद्धा तिथल्या सुरीचा उल्लेख आहे. पण या नामांकित सुऱ्यांनाही आंबट सोसत नसे. फळ कापले की फळाची चव बिघडे आणि पात्यावर डाग पडे. म्हणून श्रीमंतांच्या घरी फळांसाठी आणि माशांसाठी चांदीच्या सुऱ्या असत. बाकीच्या सुऱ्या जेवणे उरकली की कुरुंदाच्या पुडीने घासाव्या लागत. मोठ्या घरांतून त्यासाठी एक पोऱ्याच ठेवलेला असे.

ब्रिअर्लीचा जन्म याच गावात १८७१ साली झाला. बाप पोलादाच्या भट्टीवरचा कामगार. पोरगा बाराव्या वर्षी कामाला लागला आणि प्रयोगशाळेत बाटल्या धूत धूत रसायनशास्त्र शिकला. पुढे तो तिथल्या एका संशोधनशाळेचा प्रमुख झाला. १९१२ साली त्याच्याकडे काम आले ते बंदुकीच्या नळ्यांचे. बारुदाच्या तप्त वायूंनी त्या आतून झिजत. ता. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्याने एक पोलाद ओतविले. त्यात शेकडा १२·८ क्रोमियम आणि ०·२४ कार्बन होता. तपासणीसाठी त्यावर तेजाब घातले, तर ते त्याला खाईना. (भंगाराच्या ढिगात चकाकणारा तुकडा दिसला म्हणून शोध लागला, ही गोष्ट सांगायला छान, खरी वाटत नाही.) जर्मनीत क्रुप कंपनीतही त्याच सुमारास असे प्रयत्न चालू होते. पण याला बंदुकीपेक्षा जेवणाचे टेबल दिसले, हे त्याचे वेगळेपण.

त्याने नमुने सुऱ्या करणाऱ्यांकडे धाडले. उत्तर आले ते असे, की हे पोलाद घडत नाही, घासले जात नाही, कडक होत नाही आणि धार तर मुळीच धरीत नाही. गावात थट्टा सुरू झाली. ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ ही पदवी त्याला मिळाली ती तेव्हाच.

कारागिरांना मूर्ख म्हणण्याचे कारण नाही. पात्याला पाणी देण्याची त्यांची विद्या डोळ्यांत होती. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहावा, लालबुंद झाले की पाण्यात किंवा तेलात बुडवावे. वाडवडिलांनी शिकविलेला तो रंग साध्या पोलादाचा, सुमारे आठशे अंशांचा होता. नव्या पोलादाला हजाराच्या आसपास उष्णता लागे, कारण त्यातला कार्बन क्रोमियमने धरून ठेवलेला असतो. तो सुटून पोलादात मिसळल्याखेरीज कडकपणा येत नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची नजरच इथे दगा देत होती. अखेर १९१४ साली अर्नेस्ट स्टुअर्ट नावाच्या कारागिराने, ब्रिअर्ली जवळ उभा असता, नीट कापणाऱ्या सुऱ्या काढल्या. ब्रिअर्ली ‘न गंजणारे’ म्हणे. स्टुअर्टने व्हिनेगरमध्ये पाते बुडवून पाहिले आणि ‘डाग न पडणारे’ हे नाव सुचविले. स्टेनलेस स्टील हे नाव आपल्या बोलीत आले ते असे.

तरी तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. कार्बन कमी असल्यामुळे हे पाते जुन्या पात्याइतके कठीण होत नसे. त्यातून जेवणाची सुरी चिनी मातीच्या बशीवर घासते, आणि बशीचा लुकण पोलादाहूनही कठीण. धारेची कड तिथे दुमडते.

यावर उपाय दातांचा. दात काही नवे नव्हेत. मिसरातल्या प्राचीन शेतकऱ्यांच्या गारगोटीच्या विळ्यांनाही दाते होते. शेफील्डजवळच्या रिजवे गावी दातेरी विळे होत. छिन्नीने पात्याच्या एकाच बाजूस बारीक दाते पाडीत. अमेरिकेत ओहायोतल्या क्रिस्टीने १८८९ साली पावासाठी लाटांच्या धारेच्या सुरीचे पेटंट घेतले, तेव्हा ब्रिअर्लीचे पोलाद जन्मालाही यायचे होते. मऊ धारेच्या नव्या पोलादाला ही जुनी युक्ती मोठी कामी आली. बशीला टेकतात ती दातांची टोके. मधल्या खाचा बशीपासून दूर राहतात आणि त्यांची धार शाबूत राहते. टोके बोथट झाली तरी ती टोमॅटोची साल फाडतात. उरलेले काम खाचा करतात. धार टिकते ती पोलादाच्या गुणामुळे नव्हे, ती आडोशाला असते म्हणून.

पुढे शेफील्डनेच सुऱ्यांची परीक्षा घेणारे यंत्र केले. १९५२ साली तिथे सुऱ्यांच्या धंद्याची संशोधनसंस्था निघाली होती. तिच्या यंत्रात पाते धार वर करून बसवितात आणि त्यावर वाळूचे कण घातलेल्या जाड कागदाची चळत पुढेमागे ओढतात. पहिल्या काही खेपांत किती कापले ते तीक्ष्णतेचे माप, आणि साठ खेपांत एकूण किती कापले ते टिकाऊपणाचे. या परीक्षेत दातेरी सुरी साध्या सुरीला सहज मागे टाकते. म्हणूनच की काय, आंतरराष्ट्रीय नियमांत सुऱ्यांचे वर्ग दोन केले आहेत: घरी पुन्हा धार लावता येते त्या एकीकडे, लावायची नसते त्या दुसरीकडे.

माझे मत विचाराल तर पाव आणि टोमॅटो दातेरी सुरीला द्यावेत, भाजी साधीला. साध्या सुरीची धार लवकर जाते खरी. पण सहाणेवर चार हात फिरविले की परत येते. दातेरीची एकदा गेली, की बारीक गोल कानस घेऊन एकेक खाच, तीही एकाच बाजूने, घाशीत बसावे लागते, आणि दारावर येणारा शिकलगार तिला हातात घेऊन उलटीसुलटी करतो आणि परत देतो.