‘रायव्हल’: एका पाटाचे दोन वाटेकरी

१/८ इंग्रजीत प्रतिस्पर्ध्याला ‘रायव्हल’ म्हणतात. आज हा शब्द खेळ, राजकारण आणि बाजारपेठेत वावरतो. त्याचा उगम मात्र शेताला पाणी देणाऱ्या पाटात आहे. #थ्रेड

२/८ लॅटिन भाषेत ‘रिवुस’ म्हणजे ओहोळ किंवा पाट. त्यावरून ‘रिवालिस’, अर्थात एकाच पाटाचे पाणी घेणारा शेजारी. इंग्रजी ‘रिव्हर’ याच कुळातला वाटतो, पण तो ‘रिपा’ म्हणजे काठ या शब्दापासून आला.

३/८ ‘रिवालिस’चा हा अर्थ रोमन कायद्यातच नोंदलेला आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा विधिज्ञ उल्पियन नेमकी हीच व्याख्या देतो. इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘डायजेस्ट’ या संहितेत ती टिकून आहे.

४/८ व्याख्येची गरज तंट्यामुळे पडली. वहिवाटीने पाणी नेणाऱ्यावर कोणी बळजबरी करू नये, अशी मनाई ‘प्रेटर’ हा न्यायाधिकारी करीत असे. एका पाटावरचे दोघेही हक्क सांगू लागले, तर दोघांनाही ही दाद मागता येई.

५/८ तंटा टाळण्याचा मार्ग म्हणजे पाळी. आजच्या अल्जीरियातील लामास्बा येथे सम्राट एलागाबालुसच्या काळातील (इ.स. २१८–२२२) शिलालेख सापडला आहे. कोणत्या जमीनधारकाला कोणत्या तासापासून कोणत्या तासापर्यंत पाणी मिळेल, हे त्यात नावानिशी कोरलेले आहे.

६/८ उल्पियनच्या कितीतरी आधीच हा शब्द पाटाबाहेर पडला होता. इ.स.पू. १६१ मधील टेरेन्सच्या ‘युनुकुस’ या सुखात्मिकेत ‘रिवालिस’ म्हणजे प्रेमातला प्रतिस्पर्धी. पाण्याचे वाटेकरी आणि प्रेमातले वैरी, हे दोन्ही अर्थ शतकानुशतके सोबत नांदले.

७/८ सोळाव्या शतकात इंग्रजीत आल्यावरही जुना अर्थ लगेच लोपला नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पहारेकरी आपल्या जोडीदारांचा उल्लेख करतो. १६०३ च्या छापील प्रतीत तिथे ‘पार्टनर्स’ आहे, तर १६०४ च्या प्रतीत ‘रायव्हल्स’. त्या प्रसंगात दोन्हींचा अर्थ एकच.

८/८ मराठी वाचकाला हा प्रवास परका वाटू नये. भाऊबंद म्हणजे एका कुळाचे, एका वतनाचे वाटेकरी. आणि ‘भाऊबंदकी’ म्हणजे त्यांच्यातले वैर. रोमन शेतकऱ्याने पाटावर जे अनुभवले, तेच इथे वाटणीच्या बांधावर घडले. दोन्ही भाषांनी वैऱ्याचे नाव वाटेकऱ्याकडूनच घेतले.