शाळा सोडण्याचे कारण

गेल्या चैत्रात माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, जन्मतारखेचा पुरावा हवा झाला. आक्का राहते सुरतेला, बमरोलीत. तिच्या पिढीच्या बायकांची जन्मतारीख सापडली तर शाळेतच सापडते. म्हणून साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन मी जिल्हा परिषद शाळेचे जुने जनरल रजिस्टर कपाटातून काढवले. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण नाव निघाले. इयत्ता चौथी, १९७३. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात निळ्या शाईत दोन शब्द होते : 'सतत गैरहजर'. त्याच पानावर आणखी सहा नावांपुढे तोच शेरा होता आणि सहाही नावे मुलींची होती.

मी इतिहासाचा एम. ए. आहे. मूळ साधनांवर विश्वास ठेवावा, असे मुलांना तीस वर्षे सांगत आलो. मुख्याध्यापक झाल्यापासून हाच शेरा माझ्या सहीनिशी किती वेळा गेला असेल, याचा त्या दिवशी मनाशी हिशेब करू लागलो आणि मध्येच सोडून दिला.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. घरचे पाणी आपोआप दहा वर्षांच्या आक्काकडे आले. गावची विहीर आटलेली. पांझरेच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा करायचा, त्यात पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचे आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. एक हंडा भरायला सकाळ सरे. जाताना मी तिच्या कडेवर असे. येताना तिच्या डोक्यावर चुंबळ नि हंडा, म्हणून मी तिच्या परकराला धरून चालत असे. यातले मला काहीच आठवत नाही. आईने सांगितलेले सांगतो आहे. पुढे मी शाळेत गेलो तो पाऊसपाणी बरे झाल्यावर. मला घरून कधी कुणी हंडा उचलायला सांगितले नाही.

गंमत अशी की, पाण्याच्या इतिहासात आमचा मुलूख अगदीच नगण्य नाही. पांझरेवरच्या बंधाऱ्यांची फड पद्धत काही शतकांची जुनी. तीत शेताचे फड पाडायचे, पिकांची पाळी ठरवायची आणि पाटाचे पाणी गावाने आपसांत वाटून घ्यायचे. तिचे नोकरही ठरलेले : पाटकरी, जागल्या, हवालदार. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक याच नदीवर, दातर्तीजवळ नळ टाकण्याचे होते. महाडचे चवदार तळे, १९२७, हे तर प्रत्येक वर्षी शिकवतो. आणि ज्या १९७२ साली आक्का वाळू उकरत होती, त्याच वर्षी खाली सोनगडजवळ तापीवर उकाईचे धरण पुरे झाले. आमची पांझरा तापीलाच मिळते. हे सारे माझ्या टिपणवहीत सनावळीसह आहे. पाणी कुणी अडवले, कुणी वाटले, कुणी नाकारले, ते सगळे सापडते. ते पाटापासून किंवा झिऱ्यापासून चुलीपर्यंत कुणी नेले, हे मात्र त्या वहीत नाही. पाटाच्या पाण्याला हवालदार मिळाला, पिण्याच्या पाण्याला घरची पोर.

दुष्काळानंतर गावोगाव बोअर झाले आणि हापसे बसले. या हापशाची हकीकत महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. आधीचे बिडाचे पंप परदेशात एकेका कुटुंबासाठी केलेले. सबंध गाव त्यावर तुटून पडले की ते मोडत. जालना आणि सोलापूर इथे विहिरींची कामे करणाऱ्या मिशनच्या माणसांनी, कारागिरांनी दणकट पंप घडवला. सोलापूरच्या पंपावरून सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला आणि तो आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला. तिथेही दांड्यावर हात बायकांचेच. पाणी आणण्यात जगभरच्या बायका-मुलींचे रोज २० कोटी तास जातात, असा अंदाज युनिसेफने २०१६ साली दिला. वाळूतल्या झिऱ्याशी बसून काढलेले आक्काचे तास कुणी मोजले नाहीत.

मे महिन्यात दाखला घेऊन मी नवापूर-सोनगडमार्गे सुरतेच्या एस.टी.त बसलो. लग्नानंतर मेहुणे लूमवर लागले, तेव्हा आक्का याच रस्त्याने गेली होती. खानदेशातल्या हजारो घरांची हीच वाट. बमरोलीत तेव्हा ग्रामपंचायत होती. वीस खोल्यांना एक बोअर, तेही मचूळ पाणी. पिण्याचे पाणी दुरून आणायचे. विहिरीच्या रांगेतून सुटले ती बोअरच्या रांगेत आले, असे आक्का हसत सांगते. रांगेतून घरी आली की ती साड्यांचे धागे कातरायला बसे. पैसे नगावर मिळत, म्हणजे रांग लांबली की मजुरी तेवढी कमी. २००६ साली बमरोली महानगरपालिकेत आली आणि पुढे आक्काच्या दारात नळ आला. २०१४ साली तिथेच, बमरोलीत, सांडपाणी शुद्ध करणारा रोज ४ कोटी लिटरचा प्रकल्प सुरू झाला. ते पाणी पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांना जाते. म्हणजे आक्काच्या मोरीतून गेलेले पाणी साडीच्या रंगात उतरत असेल आणि ती साडी आमच्या आठवडे बाजारात येत असेल. हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने नुसते "हां" म्हटले.

मग तिने चष्मा लावून दाखला वाचला. चौथीपर्यंतचे वाचन तिने सोडलेले नाही. जन्मतारखेवरून बोट खाली सरकत त्या दोन शब्दांवर थांबले. सतत कसे, असे तिने विचारले. बाजारच्या दिवशी दुष्काळी काम बंद असे. आई घरी असे, पाण्याला तीच जाई. त्या दिवशी आक्का शाळेत जायची, पार होळीपर्यंत. गुरुजी हजेरी घ्यायचे आणि ती उभी राहून "हजर" म्हणायची. "तुमच्याकडे हजेरीपट असेल ना भाऊ, त्यात बघ." एवढ्यात नळाला सूं झाले. "पानी उनं," म्हणत ती दाखला माझ्या हातात देऊन उठली. पुढचा पाऊण तास ती मोरीतच होती. मी भरलेल्या बादल्या उचलून आत नेल्या.

परत आल्यावर मी शाळेत गेलो. कपाट पुन्हा उघडायला लावले. जनरल रजिस्टर कायम जतन करायचे असते. हजेरीपटाला ठरावीक वर्षांची मुदत असते. १९७२-७३ चा हजेरीपट केव्हाच रद्दीत गेला आहे.