संपातून जन्मलेले राज्य



नकाशावर शोधू गेल्यास बहुधा सापडणार नाही, अशा एका राज्याची हकिकत आज सांगावयाची आहे. रुमानिया आणि युक्रेन यांच्यामध्ये मोल्दोव्हा नावाचा लहानसा देश आहे. त्याच्या पूर्वभागातून नीस्टर नदी वाहते. ही नदी आणि युक्रेनची सरहद्द यांमधली चिंचोळी पट्टी, आणि पलीकडच्या तीरावरचे बेंडेर शहर, मिळून ट्रान्सनीस्ट्रिया. क्षेत्रफळ सुमारे 4,160 चौरस किलोमीटर, वस्ती आज पाच लाखांच्या आत, राजधानी तिरास्पोल. तेथे अध्यक्ष आहे, संसद आहे, सैन्य आहे, स्वतःचा रूबलही आहे. नाही ती फक्त मान्यता. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सभासदाने ती दिलेली नाही. ज्याचे सैनिक तेथे आहेत त्या रशियानेसुद्धा नाही.

मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा गिरणीच्या फाटकावर भरली. या राज्याकडे माझे लक्ष वेधले, कारण त्याचा जन्म कारखान्यांच्या संपात झाला. तेव्हा आमच्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न मी त्याला विचारणार आहे: ज्यांनी संप केला, त्यांच्या पदरात काय पडले?

थोडे मागे जाऊ. 1918 साली नदीच्या पश्चिमेचा बेसारेबिया रुमानियात गेला. पूर्वेच्या बाजूला 1924 साली सोव्हिएत सरकारने युक्रेनच्या पोटात एक स्वायत्त मोल्दाव्हिया उभा केला. 1940 साली बेसारेबिया घेतल्यावर त्याचा बराचसा भाग आणि नदीकाठची ही पट्टी जोडून नवे प्रजासत्ताक केले. पश्चिमेला शेती आणि द्राक्षमळे, पूर्वेला कारखाने, अशी विभागणी होत गेली. कुचुर्गानचे वीजकेंद्र, रिब्नित्साचा पोलाद कारखाना, तिरास्पोलची तिरोटेक्स ही कापडाची मोठी गिरणी, सारे पूर्वेकडेच. कामगार साऱ्या सोव्हिएत देशातून आले. मोठमोठ्या कारखान्यांचे संचालक हुकूम घेत ते थेट मॉस्कोकडून. किशिनेव्ह ही प्रजासत्ताकाची राजधानी त्यांच्या खिजगणतीतही नसे.

पुढे गोर्बाचेव्हच्या काळात किशिनेव्हला कंठ फुटला. मोल्दोव्हन लोकांची तक्रार खरी होती. त्यांची भाषा ही रुमानियनच. पण ती रशियन लिपीत लिहिण्याची सक्ती होती आणि वरच्या जागेसाठी रशियन यावी लागे. 31 ऑगस्ट 1989 रोजी मोल्दोव्हन ही राजभाषा आणि लॅटिन ही तिची लिपी, असे कायदे झाले. पूर्वतीरावर त्या वर्षी मोल्दोव्हन सुमारे 40 टक्के, युक्रेनियन 28 आणि रशियन 25 टक्के होते. कारखान्यांत बोली रशियन. ही भाषा न आल्यास आपली नोकरी जाईल काय, हे त्या कामगारांचे भयही खरे होते. तिरास्पोलमध्ये कारखान्यांच्या कामगारांची एक संयुक्त परिषद उभी राहिली आणि संप पसरला.

येथे माझ्यासारख्याचे कान टवकारतात. या संपात संचालक कामगारांच्या समोर उभे नव्हते, बाजूला होते! परिषदेचा पुढारी इगोर स्मिर्नोव्ह हा स्वतःच एका विद्युतयंत्रांच्या कारखान्याचा संचालक. कारण उघड आहे. सत्ता किशिनेव्हकडे गेली, तर कारखान्यांवरचा ताबाही जाणार होता. कामगाराला भाकरीची चिंता, संचालकाला ताब्याची. दोघांचा मोर्चा एकच निघाला.

2 सप्टेंबर 1990 रोजी तिरास्पोलने वेगळे राज्य जाहीर केले. 1991 च्या ऑगस्टअखेर स्मिर्नोव्हला अटक झाली, तेव्हा स्त्रियांच्या संपसमितीने रेल्वेचे रूळ अडवून धरले, आणि ऑक्टोबर उजाडताच तो सुटला. केवढे हे बळ! 1992 साली मार्चपासून जुलैपर्यंत लढाई झाली, शेकडो माणसे मेली. रशियाचे चौदावे सैन्य पूर्वतीराच्या बाजूने उतरले आणि 21 जुलैला तह झाला. ती युद्धविरामाची रेषा आजतागायत तशीच आहे.

आता हिशेब पाहू. स्मिर्नोव्ह 2011 पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, अध्यक्ष राहिला. 1993 साली सुरक्षाखात्यातून आलेल्या दोघांनी ‘शेरिफ’ नावाची कंपनी काढली. दुकाने, पेट्रोलपंप, टेलिफोन, दूरदर्शन वाहिनी, 1897 पासूनचा ब्रँडीचा कारखाना आणि ती तिरोटेक्स गिरणीसुद्धा तिच्या हाती आली. संसदेतले बहुमतही तिच्याच मर्जीतल्या पक्षाचे. तिच्या फुटबॉल संघाने 2021 साली रेआल माद्रिदला त्याच्या घरच्या मैदानावर 2-1 ने हरवले. गंमत अशी की, हा संघ खेळतो तो मोल्दोव्हाच्या साखळीत!

आणि भाषा? ज्यांनी भाषेच्या सक्तीविरुद्ध हत्यार उपसले, त्यांच्याच राज्याने 2004 साली लॅटिन लिपीत शिकवणाऱ्या शाळांवर पोलीस पाठवून त्या बंद पाडल्या. 2012 साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने या प्रकरणी रशियाला जबाबदार धरले.

राज्याचा चुलाही उसना. रशियाचा वायू यायचा, त्याचे पैसे दिले जात नसत, आणि त्यावर वीजकेंद्र व कारखाने चालत. 1 जानेवारी 2025 रोजी युक्रेनमार्गे येणारा वायू थांबला. ऐन हिवाळ्यात घरांतली ऊब आणि गरम पाणी गेले. अन्नपदार्थांचे सोडून बाकी कारखाने बंद पडले. युरोपच्या पैशाने वायू पुन्हा आला, तो महिन्याने.

ते कामगार भित्रे नव्हते, मूर्ख तर नव्हतेच. त्यांनी नोकरीची हमी मागायला हवी होती, भाषा शिकण्यास मुदत मागायला हवी होती, आणि आपल्याच खात्यातल्या मोल्दोव्हन सोबत्याला शेजारी घेऊन मागायला हवी होती. त्याऐवजी मागणी राज्याची झाली, आणि राज्य मिळाले ते ज्यांच्या हाती किल्ल्या होत्या त्यांना. म्हणून फाटकावर येणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना मी एवढेच सांगतो: मालक मोर्चाच्या अग्रभागी दिसला, तर क्षणभर थांबा आणि मागण्यांचा कागद पुन्हा एकदा वाचून पाहा.