दुसऱ्या प्रतीची कुळकथा

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की आमच्या घरातले चाकरमानी परतीच्या तिकिटांच्या मागे लागतात. दोन वर्षांपूर्वी काकांचं तत्काळ काढायला मी आणि चुलतभाऊ सकाळीच रत्नागिरी स्टेशनवर गेलो. एका रांगेत तो, दुसऱ्या रांगेत मी. ज्याचा नंबर आधी लागेल त्याने तिकीट घ्यायचं, दुसऱ्याने रांग सोडायची. अकराला विक्री सुरू झाली, थोड्या वेळाने त्याच्या हातात तिकीट पडलं आणि त्याने मला फोन लावला. माझा फोन घरी चार्जिंगला होता. आम्ही दोन तिकिटं घेऊन बाहेर आलो. तत्काळच्या पक्क्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे काका ते दुसरं तिकीट अजून पाकिटात ठेवतात आणि चारचौघांत काढून दाखवतात.

संगणकवाले या युक्तीला ‘टास्क रेप्लिकेशन’ म्हणतात. एकच काम दोन-तीन यंत्रांवर टाकायचं, पहिलं उत्तर येईल ते घ्यायचं, बाकीची कामं थांबवायची. नाव नवं आहे, कुळ मात्र सराफी पेढीवरचं.

हुंडी, म्हणजे परगावी पैसे देण्याची लेखी चिठ्ठी, वाटेत गहाळ झाली की सराफ तिची दुसरी प्रत लिहून देई, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. मूळ हुंडी पटली असेल तर पेठेला किंमत नाही, हा त्यातला करार. युरोपातल्या व्यापाऱ्यांची रीत वेगळी होती. ते हुंडीच्या दोन-तीन प्रती सुरुवातीलाच करून निरनिराळ्या जहाजांनी धाडत. एक पटली की उरलेल्या बाद. ही रीत आपल्याकडच्या १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या १३२व्या कलमात अजून नांदते आहे: प्रती कितीही असोत, हुंडी एकच, आणि एक प्रत चुकती झाली की सगळा संच संपला.

मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. सराफ वाट पाहून दुसरी प्रत काढतो, जहाजवाला आधीच सगळ्या प्रती सोडतो. पेशवाईतली जासूदजोडी, म्हणजे एकच पत्र घेऊन जोडीने जाणारे दोन जासूद, मात्र मी या कुळात धरत नाही. दोघे एकाच वाटेने जात, तेव्हा पूर आला तर दोघेही अडकणार. प्रतींच्या वाटा वेगळ्या हव्यात.

प्रतींची रीत व्यापाऱ्यांकडून आली, तर रांगेचं गणित आलं ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतून. तिथल्या आग्नर एरलांग या गणितज्ञाने १९०९ साली फोन कसे येतात याचा संभाव्यतेच्या अंगाने हिशेब मांडला. तारा किती लागतील, थांबावं किती लागेल, हे त्यातून कळू लागलं. पण एकाच माणसाने दोन रांगांत उभं राहायचं ही लबाडी त्या गणितात बऱ्याच उशिरा शिरली.

ती शिरण्याचं कारण होतं रखडणारी यंत्रं. २००४ साली गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी मॅपरिड्यूस या, एक मोठं काम तुकडे करून अनेक यंत्रांवर वाटण्याच्या पद्धतीवर निबंध लिहिला. सुमारे १,८०० यंत्रांवर एक टेराबाइट माहिती क्रमाने लावायची होती. ९६० सेकंदांत पाच तुकडे सोडून सगळं आटोपलं. त्या पाचांनी आणखी सुमारे ३०० सेकंद खाल्ले. एखादी डिस्क आजारी, एखाद्या यंत्रावर दुसऱ्याच कामाचा बोजा, अशी कारणं. शेवटी रेंगाळणाऱ्या तुकड्यांची प्रत दुसऱ्या यंत्राला द्यायची सोय चालू असताना हेच काम ८९१ सेकंदांत झालं होतं. ती बंद ठेवल्यावर १,२८३ लागले. ही सरळ सराफाची पेठ आहे.

२०१३ मध्ये डीन आणि लुईझ बारोसो यांनी आणखी एक आकडा दिला. हजार नोंदी शंभर सर्व्हरवरून वाचायच्या; १० मिलिसेकंदांत उत्तर नाही आलं तरच दुसरी विनंती सोडायची. सगळ्या नोंदी मिळायला हजारातल्या एखाद्या कमनशिबी खेपेला लागणारा वेळ १,८०० मिलिसेकंदांवरून ७४ वर आला आणि विनंत्या वाढल्या फक्त दोन टक्के.

मग सगळ्यांनीच नेहमी दोन रांगा का धरू नयेत? खिडक्याच घेऊ. पुष्कळ खिडक्या आहेत, प्रत्येक खिडकी तासाला सरासरी दहा माणसं मोकळी करते आणि तिच्यापाशी तासाला तीन येतात. रांगेच्या साध्या सूत्राप्रमाणे माणशी ६० भागिले ७, म्हणजे साडेआठ मिनिटं लागतात. आता प्रत्येकाने कुठल्याही दोन रांगा धरल्या आणि दुसरी कोणीच सोडली नाही, तर खिडकीपाशी तासाला सहा येतील. एका रांगेत १५ मिनिटं. पण दोहोंतली जी आधी संपेल ती धरायची, म्हणून सरासरी साडेसात. फायदा झाला. तासाला चार येत असतील तर? एकेरीत १० मिनिटं. दुहेरीत एका रांगेत ३०, म्हणजे आधीच्या रांगेला १५. पाच मिनिटांचं नुकसान. सीमारेषा बरोबर एक तृतीयांश भारावर, म्हणजे खिडकीच्या क्षमतेच्या एक तृतीयांश माणसं येतात तिथे, पडते. गणपतीत स्टेशनवरचा भार एक तृतीयांश कधीच नसतो.

मात्र रांग वेळेवर सोडता आली तर हिशेब पालटतो, आणि तो कसा पालटतो हे नीट उलगडणाऱ्यांत एक नाव गौरी जोशी यांचं. आयआयटी मुंबईत शिकून त्या एमआयटीत गेल्या. क्लाउडमधला उशीर जादा प्रतींनी कसा कमी करायचा, हाच त्यांच्या २०१६ च्या पीएच.डी.चा विषय. आता त्या कार्नेगी मेलनला प्राध्यापक आहेत. त्यांच्या मांडणीत सगळं कामाच्या स्वभावावर ठरतं. काही कामं अशी की जितका वेळ अडकली, तितकी आणखी अडकायची शक्यता जास्त; तिथे प्रती वाढवल्या तर उशीर घटतो आणि यंत्रांचा एकूण वेळही वाचतो, कारण चांगली प्रत लवकर संपते आणि अडकलेली मध्येच सोडता येते. दुसरी कामं भाकरी भाजण्यासारखी, जितका वेळ गेला तितकं काम उरकत आलेलं. तिथे गर्दीच्या वेळी जादा प्रत म्हणजे दुसऱ्याचा तवा अडवणं.

चुलतभावाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘म्हणजे फोन चार्ज करून ने.’’ गेल्या वर्षी आम्ही पेठेची रीत धरली. तो रांगेत, मी बाहेर चहाच्या टपरीवर. पावणेअकरापर्यंत त्याच्यापुढे दहाहून जास्त माणसं असली तरच मी दुसरी रांग धरायची. होती चौदा. मी उभा राहिलो, फोन खिशात, पुरता चार्ज. शिवाय खूण ठरली होती: तिकीट हातात पडलं की त्याने तिथेच काळी छत्री उघडायची. अकरा वाजून चार मिनिटांनी ती उघडली. भोवतालचे लोक छपराकडे पाहू लागले आणि मी रांगेतून बाहेर पडलो.