एका गुणांकाची कुळकथा

हृदय किंवा फुप्फुसे थकली असता रुग्णाचे रक्त शरीराबाहेर आणून, त्यात प्राणवायू मिसळून, ते परत शरीरात सोडणाऱ्या ‘एक्मो’ यंत्राच्या सोबतीला आज एक अंकही असतो. रुग्ण जगण्याचा संभव किती, हे सांगणाऱ्या या अंकाचे कूळ शोधू गेल्यास ते दप्तरात सापडते.

जॉन गिबन यांचे हृदय-फुप्फुस यंत्र १९५३ साली फिलाडेल्फियात यशस्वी झाले, ते शस्त्रक्रियेच्या काही मिनिटांपुरते. तोच आधार दिवसेंदिवस देता येतो, हे १९७१ साली डोनाल्ड हिल यांनी अपघातग्रस्त तरुणाला ७५ तास यंत्रावर ठेवून आणि १९७५ साली रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात बालिकेला वाचवून दाखविले. परंतु १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ९० प्रौढांपैकी यंत्र लावलेले चार आणि न लावलेलेही चारच वाचले, तेव्हा यंत्र कोणाला आणि केव्हा लावावे, हा प्रश्न ऐरणीवर आला. १९८९ साली स्थापन झालेल्या ‘एल्सो’ या संस्थेने देशोदेशीच्या रुग्णांची नोंद एका दप्तरात ठेवली, आणि त्यातील २,३५५ प्रौढांच्या दाखल्यांवरून २०१४ साली श्वसनविकारांसाठी ‘रेस्प’ गुणांक सिद्ध झाला.

त्याची मांडणी जमाखर्चासारखी आहे. वय साठ वा अधिक असेल तर तीन गुण वजा; हृदय एकदा बंद पडले असेल तर दोन वजा; कृत्रिम श्वासावर अठ्ठेचाळीस तास होण्यापूर्वीच एक्मो लागले तर तीन जमा; आजार दम्याचा असेल तर एकदम अकरा जमा. अशा बारा कलमांची बेरीज रुग्णाला पाचांपैकी एका वर्गात बसविते: पहिल्या वर्गातले शंभरांत ९२ जगले, पाचव्यातले १८.

मात्र हे दप्तर केवळ यंत्रावर चढलेल्यांचे आहे. यंत्र न लावता त्यांचे काय झाले असते, याची नोंद त्यात असणे शक्य नाही. म्हणून हा अंक वैद्याला आणि नातलगांना वस्तुस्थिती दाखविणारा सल्लागार आहे, फैसला देणारा न्यायाधीश नव्हे. त्या शेवटच्या वर्गातले अठराजणही रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले होते.