टायनम : ‘तात्पुरतं’ रिकामं केलेलं गाव

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये टायनम नावाचं एक पिटुकलं गाव आहे, त्याची गोष्ट आहे. चर्च आहे, शाळा आहे, फोन बूथसुद्धा आहे. राहणारं मात्र कुणी नाही.

1943चा नोव्हेंबर. फ्रान्समध्ये सैन्य उतरवायची तयारी चालू होती. शेजारच्या लल्वर्थला रणगाड्यांच्या तोफांचा सराव आधीपासून व्हायचाच, पण आता जास्त जागा हवी होती. मग घरोघरी पत्रं आली : 19 डिसेंबरच्या आत निघा. म्हणजे हातात जेमतेम महिना, तोही नाताळच्या तोंडावर. आजूबाजूच्या वाड्यावस्त्या धरून सुमारे सव्वादोनशे माणसं आणि साडेसात हजार एकर जमीन!

माणसं गेली. जाताना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली. आशय असा, की आमच्या घरांची नीट काळजी घ्या, लढाई जिंकायला आम्ही ती देतोय, आणि एक दिवस आम्ही परत येऊ. परत येणार, हे गावात सगळे धरूनच चालले होते.

आता आम्हा कोड लिहिणाऱ्यांना ‘टेम्पररी’ या शब्दाचा चांगलाच अनुभव असतो. टेम्पररी म्हणून टाकलेला कोड पाच-पाच वर्षं हलत नाही. इथेही तेच झालं. 1945 ला युद्ध संपलं, पण लगेच रशियाशी शीतयुद्धाची हवा तापली आणि 1948 मध्ये सरकारने ठरवलं, जमीन लष्कराकडेच राहणार.

मला यात सर्वात जास्त खटकतं ते भरपाईचं. घरं, शेतं होती बाँड नावाच्या जमीनदार घराण्याची. बाकीचे पिढ्यानपिढ्या राहिलेले, पण भाडेकरू. त्यामुळे जमिनीचे पैसे मालकाला, आणि भाडेकरूंच्या हातात काय, तर परसात लावलेल्या भाजीपाल्याची किंमत. कागदावर बरोबरच असेल हो. पण घर कुणाचं, हे फक्त सातबारा बघून ठरवायचं का?

हां, गाव म्हणजे स्वर्ग होता असंही नाही. घरांत वीज नव्हती, आणि मुलं कमी झाली म्हणून शाळा 1932 लाच बंद पडली होती. कदाचित तरुण पोरं आपणहून शहरात गेली असती. पण स्वतः जाणं वेगळं आणि घालवलं जाणं वेगळं.

पुढे 1960च्या दशकाच्या शेवटी गाव परत मिळावं म्हणून चळवळ झाली. गाव नाही मिळालं, पण 1975 पासून बहुतेक शनिवार-रविवारी लोकांना आत जाता येतं. छपरं नसलेल्या घरांच्या भिंती दिसतात. शाळेत कपडे अडकवायच्या खुंट्यांवर मुलांची नावं आहेत. आणि तो फोन बूथ? 1929च्या पद्धतीचा मूळ बूथ 1985 मध्ये एका सिनेमाच्या शूटिंगमध्ये मोडला. म्हणून तसाच दुसरा आणून बसवला. तोफांतून वाचला आणि शूटिंगमध्ये गेला, बोला!

एक मात्र झालं. इतकी वर्षं नांगर नाही, खत-फवारणी नाही, इमारती नाहीत. त्यामुळे फुलपाखरं, रानफुलं, हरणं इथे मजेत आहेत. सोमवारी फाटकं बंद होतात आणि सराव पुन्हा सुरू होतो.