पाण्यात सोडलेले अंडे

काही वर्षांपूर्वी माध्यमिक शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही प्रथिनांविषयी बोलत होतो. अंडे किती तापमानाला घट्ट होते, असा प्रश्न आला. पांढरा भाग ६०° से.च्या थोडे वर धरू लागतो, पिवळा बलक ६५ ते ७०° से.ला, असे फळ्यावर लिहून आम्ही मोकळे झालो. तेव्हा मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. त्या कोकणातल्या. त्यांच्या घरी अंडी उकडून, सोलून कालवणात घालत नाहीत. ती फोडून थेट रटरटत्या कालवणात सोडतात. "कालवण शंभराच्या आसपास असणार," त्या म्हणाल्या, "मग तुमच्या आकड्यांप्रमाणे दोन्ही भाग घट्ट व्हायला हवेत. पण लवकर उतरवले तर पांढरे धरते आणि बलक वाहता राहतो. आणि बर्फ शून्याला वितळतो, तसे अंडे साठाला घट्ट होते असे म्हणायचे का?"

उष्णता आत पोहोचायला वेळ लागतो, एवढे सांगून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे शोधताना आम्हाला जो इतिहास सापडला तो इथे मांडतो आहोत, कारण त्या दिवशी फळ्यावर जी चूक आम्ही केली ती पाठ्यपुस्तकांतही आढळते.

अंडे फोडून गरम पाण्यात सोडायचे आणि पांढरे धरले की काढून घ्यायचे, या पदार्थाला इंग्रजीत 'पोच्ड एग' म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच. 'पोश' म्हणजे पिशवी किंवा खिसा. पांढऱ्या भागाच्या पिशवीत बलक बंद होतो, म्हणून हे नाव. १३९० च्या सुमारास इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील आचाऱ्यांनी पाककृतींचा एक संग्रह केला. 'फॉर्म ऑफ क्युरी' या नावाने तो ओळखला जातो. त्यात ही कृती आहे. अंडी पोळणाऱ्या गरम पाण्यात फोडून शिजवायची आणि त्यांवर बलक, दूध, आले, केशर व मीठ यांची सार ओतायची. ती सार विस्तवावर ठेवावी पण उकळू देऊ नये, अशी ताकीदही त्यात दिली आहे. तापमापकाचा शोध लागायला अजून दोनशे वर्षे होती. तरी उकळले की फुटते आणि त्याच्या आत सांभाळले की दाटते, हे आचाऱ्याला नेमके ठाऊक होते.

पुढच्या शतकांत घरोघरच्या स्वयंपाकिणींनी या ज्ञानात भर घातली. अंडे शक्य तितके ताजे हवे, पाण्याला खळखळून उकळी नको, पाण्यात थोडे व्हिनेगर घालावे. खास भांडी नंतर आली. पाण्यावर बसणारे कप असलेले 'पोचर' बाजारात मिळतात, पण त्यांत अंडे पाण्याला लागतच नाही. ते वाफेवर शिजते. म्हणजे त्या पदार्थासाठी घेतलेल्या भांड्यातून तो पदार्थ होतच नाही!

या घरगुती नियमांमागचे कारण सापडले ते १९१० मध्ये, तेही अंड्याचा विचार करून नव्हे. हॅरिएट चिक यांचा जन्म १८७५ चा. १९०५ मध्ये त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील संशोधनवृत्तीसाठी अर्ज केला. एका स्त्रीला ही जागा देऊ नये, अशी गळ तिथल्या दोघा जणांनी संचालकांना घातली. संचालक चार्ल्स मार्टिन यांनी ती मानली नाही. या मार्टिन यांचा आपल्याशीही संबंध येतो. त्याच वर्षी प्लेगच्या संशोधनासाठी ते मुंबईला आले होते. परळच्या ज्या प्रयोगशाळेचे पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाले, तिथे झालेल्या कामातून उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे पक्के झाले.

चिक यांचा विषय होता निर्जंतुकीकरण. जंतुनाशक घातल्यावर सगळे जंतू एका क्षणी मरत नाहीत. ठरावीक वेळात उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा मरतो, पुढच्या तेवढ्याच वेळात त्यातून उरलेल्यांचा तेवढाच हिस्सा, असा हा क्रम असतो. १९०८ मध्ये त्यांनी मांडलेला हा नियम पाणी शुद्ध करणारे अभियंते आजही 'चिकचा नियम' म्हणून शिकतात. मग त्या गरम पाण्याने मरणाऱ्या जंतूंकडे वळल्या. तापमान थोडेसे वाढवले की जंतू मरण्याचा वेग अवाच्या सवा वाढत होता. जंतू मरतात ते त्यांच्यातील प्रथिने साकळल्यामुळे, असे असेल का? हे तपासण्यासाठी शुद्ध, हवे तेवढे मिळणारे प्रथिन हवे होते. अंड्याच्या पांढऱ्यातील अल्ब्युमिनचे स्फटिक करता येत होते. चिक आणि मार्टिन यांनी ते पाण्यात विरघळवून ठरावीक तापमानाला ठेवले, थोड्या थोड्या वेळाने नमुने काढले आणि न साकळलेले प्रथिन किती उरले ते मोजले.

तोपर्यंत समजूत अशी होती की प्रत्येक प्रथिनाला साकळण्याचे एक ठरलेले तापमान असते, जसा पदार्थाला वितळणबिंदू असतो. चिक आणि मार्टिन यांना तसा बिंदू सापडला नाही. साकळणे ही एक अभिक्रिया ठरली. ती खालच्या तापमानालाही चालू असते, फक्त हळू. तापमान दहा अंशांनी वाढले की बहुतेक रासायनिक अभिक्रियांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. अंड्याच्या अल्ब्युमिनचा वेग मात्र दर एका अंशाला जवळजवळ दुप्पट होत होता, म्हणजे दहा अंशांत सुमारे सहाशेपट! केवळ हिशेब म्हणून पाहा : ८०° से.ला ज्या कामाला दहा सेकंद लागतील, त्याला ७०° से.ला दीड तासाहून अधिक लागेल. वेग इतका चढा असल्यामुळेच पाहणाऱ्याला ठरलेल्या तापमानाचा भास होतो. फळ्यावर लिहिलेले आमचे आकडे खोटे नव्हते, पण ते वितळणबिंदू नव्हते. स्वयंपाकाला लागणाऱ्या वेळात डोळ्यांना फरक दिसू लागतो, ती ती तापमाने एवढाच त्यांचा अर्थ.

आता बाईंच्या कालवणाकडे पाहू. अंडे गरम पाण्यात पडले की बाहेरचा थर लगेच तापतो आणि आतला मागे राहतो. काही मिलिमीटरच्या अंतरात दहा-वीस अंशांचा फरक असतो. एरवी एवढ्या फरकाने बाहेर घट्ट, मध्ये मऊ आणि आत पातळ असा हळूहळू बदलणारा उतार दिसला असता. पण दहा अंशांना वेग शेकडोपट बदलत असेल तर उताराची जवळजवळ पायरीच होते. म्हणून पांढरे धरलेले आणि त्याला लागून बलक वाहता, असे दृश्य दिसते. बलकातील प्रथिने वेगळी, त्यांचा आकडाही वेगळा, पण प्रकार हाच. बाईंच्या प्रश्नाचे राहिलेले अर्धे उत्तर ते हे.

यातून आणखी एक गंमत निघते. पांढऱ्यातील निम्म्याहून अधिक प्रथिन अल्ब्युमिन असते आणि ते नीट घट्ट व्हायला ८०° से.च्या आसपास तापमान लागते. बलक ७०° से.लाच घट्ट होतो. म्हणजे सगळे अंडे एकाच तापमानाला ठेवून घट्ट पांढरे आणि वाहता बलक मिळणे कठीण. तापमान काटेकोर राखणारे महागडे उपकरण घेतले तरी ६३-६४° से.ला पांढरे लिबलिबीतच राहते. चुलीवरच्या साध्या पातेल्यात बाहेरून आत जाणारा तापमानाचा जो उतार फुकट मिळतो, त्यावरच हा पदार्थ उभा आहे.

चिक आणि मार्टिन यांनी साकळण्याचे दोन टप्पेही वेगळे केले. आधी गरम पाण्याने प्रथिनात बदल होतो, मग बदललेले कण एकमेकांना चिकटून गुठळी होते. पहिल्या टप्प्याला पाणी लागतेच. कोरडे अल्ब्युमिन १२०° से.पर्यंत तापवले तरी ते पाण्यात विरघळण्याजोगे राहते. हा बदल नेमका कोणता, ते बीजिंगमध्ये काम करणाऱ्या वू श्येन यांनी १९३१ मध्ये सुचवले : प्रथिनाचा रेणू घडी घातलेला असतो आणि ती घडी उलगडते. १९३६ मध्ये अमेरिकेत मर्स्की आणि पाउलिंग यांनी हाच विचार हायड्रोजन बंधांच्या भाषेत मांडला.

आम्लाचा अभ्यास चिक आणि मार्टिन यांच्या १९११ च्या निबंधात आहे. आम्लाने पहिल्या टप्प्याचा वेग वाढतो. दुसऱ्या टप्प्यालाही त्याची मदत होते, कारण अंड्याच्या पांढऱ्यात अल्ब्युमिनच्या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. आम्लाने तो भार कमी झाला की उलगडलेले रेणू चटकन चिकटतात. व्हिनेगरचे काम ते हेच. सोबतीला मीठही हा भार झाकते. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा व्हिनेगर पुरतो. जास्त घातले तर पांढऱ्याचा पृष्ठभाग खरबरीत होतो आणि अंडे आंबट लागते.

ताजेपणाचे कारण निराळे आहे. अंड्याच्या पांढऱ्यात दाट आणि पातळ असे दोन्ही थर असतात. ठेवलेल्या अंड्यातला कार्बन डायऑक्साइड कवचाच्या छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याचा पीएच साडेसातच्या आसपासवरून नऊच्या वर चढतो आणि दाट थर सैल पडतो. पातळ भाग वाढला की पाण्यात त्याच्याच चिंध्या होतात. त्या चिंध्या शिजवण्यातल्या चुकीमुळे झाल्या असे समजून आम्ही बरीच अंडी वाया घालवली आहेत. पाणी गरगर ढवळून मधल्या भोवऱ्यात अंडे सोडण्याची युक्ती सांगतात. ती एका वेळी एकाच अंड्याला चालते. त्याहून सोपी युक्ती हॅरल्ड मॅक्गी यांनी स्वयंपाकाच्या विज्ञानावरील आपल्या ग्रंथाच्या २००४ च्या आवृत्तीत दिली आहे. ज्या भागाच्या चिंध्या होतात तो पाण्यात जाऊच द्यायचा नाही. अंडे भोकांच्या मोठ्या चमच्यात धरून पातळ भाग गळू द्यायचा. असा चमचा आपल्या प्रत्येक घरात आहे. त्याला झारा म्हणतात.

करून पाहायचे असेल तर पसरट पातेल्यात चार बोटे पाणी घ्या. उकळी आली की आच मंद करा. तळाशी बारीक बुडबुडे दिसावेत, पाणी उसळू नये. अंडे आधी वाटीत फोडा. त्यामुळे खराब अंडे वेळीच कळते आणि कवचाचा तुकडाही काढता येतो. वाटीतले अंडे झाऱ्यावर घ्या, पातळ भाग गळला की झारा पाण्यात बुडवून अंडे अलगद सोडा. तीन ते चार मिनिटांनी त्याच झाऱ्याने उचला आणि बोटाने हलके दाबून पाहा. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी मात्र बलक पूर्ण घट्ट होऊ द्यावा. वाहत्या बलकात साल्मोनेला जंतू जिवंत राहू शकतात. मरणाचा वेग तापमानावर आणि वेळेवर अवलंबून असणे, हा चिक यांचा मूळ विषय इथे पुन्हा येतो.

पुढच्या वर्षीच्या शिबिरात आम्ही फळ्यावर एका आकड्याऐवजी वेग आणि तापमान यांचा आलेख काढला. अंड्याचे पांढरे दोन परीक्षानळ्यांत घेऊन एक ६५° से.च्या आणि दुसरी ७५° से.च्या पाण्यात धरली आणि घड्याळ लावले. योगायोगाने त्या बाई आल्या होत्या. त्यांनी आलेख उतरवून घेतला आणि विचारले, "आमच्या कालवणात व्हिनेगर नसते, तरी चिंध्या होत नाहीत. ते का?" एक कारण आम्हाला लगेच सांगता आले : वाटणाचा रस दाट असतो, त्यात अंडे पाण्यासारखे पसरत नाही. दुसरे त्यांनीच सांगितले. अंडी सोडण्याआधी त्यांच्याकडे कालवणात कोकम घालतात.